गाडी तोडायची की वेळ हलवायची? सोलापूर–पुणे मार्गाचा एक प्रकरण अभ्यास

गेल्या पावसाळ्यात मी हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापूरहून पुण्याला चाललो होतो. आईचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायचे होते. दौंड सुटून वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. तो केडगावला राहतो आणि नोकरीसाठी रोज पुण्याला जातो.

"मामा, हुतात्मात आहात ना? कुठपर्यंत आलात?"

"यवत गेलं बघ आत्ता."

"मग आत्ता धडधडत गेली ती तुमचीच. आम्ही यवतलाच लूपला, बाजूच्या रुळावर, उभे आहोत. पंधरा मिनिटं झाली."

त्याच्या आवाजात राग नव्हता. रोजचंच आहे, असा सूर होता आणि तोच मला जास्त लागला. माझ्याकडे खिडकीची जागा होती, मांडीवर फाइल होती. त्याच्या डेमूत, म्हणजे डिझेलवरच्या पॅसेंजर गाडीत, दारातसुद्धा उभं राहायला जागा नव्हती आणि साडेदहाची हजेरी गाठायची होती. माझं काम खोटं नव्हतं, त्याचंही नव्हतं. मी वेळेत पोचावं म्हणून तो थांबला होता.

हा अभ्यास त्या पंधरा मिनिटांचा आहे. लांबून येणारी थेट गाडी आणि रोज ये-जा करणाऱ्यांची लोकल, दोघींना एकाच रुळावरून जायचं असेल तर कुणी किती सोडायचं? सोलापुरात हा प्रश्न निघाला की बहुतेक वेळा "आमची गाडी हडपसरला तोडणार", म्हणजे पुण्याच्या अलीकडेच संपवणार, या धास्तीनं निघतो. दौंड-उरुळीकडे तोच प्रश्न "आम्हाला लोकल कधी" म्हणून विचारला जातो. दोन्ही ठिकाणची माणसं माझ्या घरातली असल्यामुळे मला एकच बाजू घेऊन बोलता येत नाही.

मार्ग आणि गाड्या

सोलापूर ते पुणे रेल्वेनं सुमारे २६३ किलोमीटर. त्यातले शेवटचे ७५ किलोमीटर म्हणजे दौंड ते पुणे. वादाचं सगळं मूळ या ७५ किलोमीटरांत आहे. दौंडच्या अलीकडे, म्हणजे कुर्डुवाडी, जेऊर, भिगवणच्या बाजूला पूर्वी एकेरी मार्ग होता. समोरची गाडी येईपर्यंत आपली गाडी कुठल्यातरी आडस्टेशनात उभी राहायची आणि उजनीच्या पाण्याकडे बघत बसावं लागायचं. दुहेरीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, विद्युतीकरणही झालं, आणि तो त्रास गेला. आता अडचण पुण्याच्या दारात आहे.

दौंड सोडलं की पाटस, कडेठाण, केडगाव, खुटबाव, यवत, उरुळी, लोणी, मांजरी, हडपसर आणि मग पुणे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी यातली बरीच स्टेशनं ऊस आणि भाजीच्या गावांची होती. आज लोणी काळभोर, उरुळी कांचन, मांजरी इथं इमारती उभ्या आहेत. पुण्यात घर परवडत नाही म्हणून माणसं इकडे राहायला आली, आणि हडपसरच्या रस्त्यावरची कोंडी बघता त्यांना रेल्वेवाचून दुसरा मार्ग नाही. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते. पुणे-दौंड मार्गाचं विद्युतीकरण २०१७ मध्ये झालं, तेव्हा इथल्या लोकांना वाटलं की आता आपल्याकडेही लोकल येणार. आली ती डेमू. तीही हवीच होती. पण दर दहा-पंधरा मिनिटांनी येणारी लोकल आणि दिवसात मोजक्या फेऱ्या करणारी गाडी यांतला फरक रोज प्लॅटफॉर्मवर उभ्या राहणाऱ्याला कळतो. कोविडनंतर पॅसेंजरचं किमान भाडं १० रुपयांवरून ३० रुपये झालं होतं, ते २०२४ मध्ये पुन्हा १० वर आलं. मधली वर्षं या लोकांनी दिवसाच्या कमाईतून काढली.

सोलापूरची गरज वेगळी आहे. इथल्या गिरण्या बंद पडल्या. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावं आता चौकांच्या आणि आठवणींच्या कामाची राहिली. यंत्रमाग आणि चादरी आहेत, पण शिकलेल्या मुलांना नोकरी पुण्यातच मिळते. त्यामुळे सोलापुरातल्या जवळजवळ प्रत्येक गल्लीतलं एक तरी घर पुण्याला जोडलेलं आहे. कुणाची मुलगी वाकडला, कुणाचा मुलगा हिंजवडीला. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून सुटणाऱ्या हुतात्मात चढून बघा, अर्धा डबा ओळखीचा निघतो.

आणखी एक नियम इथं महत्त्वाचा आहे. रेल्वेचा मासिक पास जास्तीत जास्त १५० किलोमीटरपर्यंत मिळतो. त्यामुळे सोलापूरचा माणूस पुण्याचा पासधारक होऊच शकत नाही. महिन्यातून चार वेळा जाणारासुद्धा नियमानं लांबचा प्रवासी ठरतो. दौंडचा माणूस पासधारक असतो. एक तिकीट काढून येतो, दुसरा पासावर, आणि नियोजनाच्या कागदावर दोघे वेगवेगळ्या रकान्यांत पडतात. दोघांचा रूळ मात्र तोच राहतो.

बदललेली गाडी म्हणजे काय, हे या जिल्ह्याला माहीत आहे

"हडपसरला उतरा आणि पुढे लोकल पकडा, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे," असं सहज म्हटलं जातं. गाडी बदलण्याची किंमत सोलापूर जिल्ह्यानं फार पूर्वीपासून मोजली आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पुण्यात १८५८ मध्ये आली आणि १८६० मध्ये सोलापूरला पोचली. पण भोर घाटाचा चढ १८६३ मध्ये खुला झाला. मधल्या काळात सोलापूरहून मुंबईला जाणारा माणूस खंडाळ्याला उतरायचा, घाट पालखीत, तट्टावर किंवा पायी उतरायचा आणि खाली खोपोलीला दुसरी गाडी धरायचा. पुढे १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे आली. अरुंद रुळाची ही गाडी १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत पोचली. मोठ्या रुळावरून आलेला वारकरी कुर्डुवाडीला उतरून छोट्या गाडीत बसायचा, आणि हे या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे जवळपास शंभर वर्षं चाललं. माझी आजी कुर्डुवाडीचं नाव घेतलं की प्रथम गाठोडी मोजायची. एवढ्या वर्षांनंतर आठवणीत काय राहिलं होतं, तर रात्री दोन वाजता पूल चढणं आणि त्यात एक पोतं मागे राहणं.

सत्तरीतल्या माणसाला, कडेवर मूल घेतलेल्या बाईला किंवा केमोथेरपी घेऊन परतणाऱ्याला गाडी बदलणं म्हणजे जिना, गर्दी आणि चुकण्याची भीती. दहा मिनिटांच्या हिशेबात हे बसत नाही. सोलापूरकर थेट गाडीसाठी एवढा हट्ट का धरतात, याचं उत्तर वेगात शोधू नये. एकदा बसलं की उतरेपर्यंत चिंता नाही, एवढंच त्यांना हवं असतं.

मुंबईनं आधीच काय शिकवलं आहे

पुण्यातला पेच नवा वाटत असला, तरी सोलापूरच्या मुंबईच्या गाड्यांनी तो केव्हाच सोडवला आहे. फक्त वेळापत्रक लोकलच्या नजरेनं वाचायला हवं.

सिद्धेश्वर एक्स्प्रेस घ्या. सोलापूरच्या ग्रामदैवताचं नाव असलेली ही रात्रीची गाडी. सकाळी सातच्या आत ती मुंबईत शिरते, म्हणजे कल्याण-ठाण्याच्या लोकलची खरी गर्दी सुरू होण्याआधी. परतीला ती साडेदहानंतर सुटते, संध्याकाळची गर्दी ओसरल्यावर. आता वंदे भारत. ही १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली. सोलापूरहून सकाळी सहाच्या सुमारास निघते, कुर्डुवाडी, पुणे, कल्याण, दादर घेत सुमारे ४५५ किलोमीटर कापून दुपारी साडेबाराच्या आसपास मुंबईला पोचते. सकाळची गर्दी तोवर संपलेली असते. परत सुटते चारच्या सुमारास, संध्याकाळची गर्दी भरात येण्याआधी. घाटात इतर गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. वंदे भारत त्यांच्याविना चढते, त्यामुळे तो थांबाही वाचतो.

म्हणजे मुंबईच्या टोकाला सोलापूरच्या दोन्ही मुख्य गाड्या लोकलच्या गर्दीला वळसा घालून ये-जा करतात. गाडी कुठेही तोडलेली नाही. वेळ हलवली आहे.

याची किंमतही आहे आणि ती सोलापूरकर भरतात. वंदे भारतनं जाऊन त्याच दिवशी परतायचं असेल, तर मुंबईत हातात साडेतीन तास उरतात. त्यात मंत्रालयातलं एखादं काम उरकणं म्हणजे नशीब जोरावर हवं. म्हणून कामाची माणसं अजूनही सिद्धेश्वरनंच जातात. परळच्या टाटा रुग्णालयात जाणारे पहाटेच्या अंधारात दादरला उतरतात. पण ही किंमत सर्वांनी मुकाट्यानं मान्य केली आहे, कारण मुंबईची लोकल अडली तर काय होतं हे सगळ्यांना दिसतं. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं खाली पडली आणि त्यात जीव गेले. त्या दिवशी कुणी लांबच्या गाडीचा हट्ट धरला असता, तर त्याला काय उत्तर देणार होतो?

मुंबईत याला बांधकामाचीही जोड मिळाली. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली आणि लांबच्या गाड्यांना लोकलपासून बऱ्याच अंतरापर्यंत वेगळी वाट मिळाली. कुर्ल्यापासून पुढे मुंबईच्या टोकापर्यंत ती अजून झालेली नाही, म्हणून तिथं वेळेचा संयम चालू आहे. वेगळा रूळ मिळेपर्यंत वेगळी वेळ, अशी ही व्यवस्था.

पुण्यात हीच व्यवस्था लागू झालेली नाही. हुतात्मा साडेसहाच्या सुमारास सोलापूर सोडते आणि साडेदहाच्या आसपास पुण्यात पोचते. परत संध्याकाळी सहाला सुटते. दिवसभराचं काम करून रात्री घरी येता यावं म्हणून ही वेळ ठरली आणि ती सोलापूरला अगदी चपखल बसली. पण सकाळी पुण्याकडे आणि संध्याकाळी पुण्याहून, म्हणजे दौंडचा पासधारक ज्या दिशेनं ज्या वेळी जातो, नेमकं त्याच दिशेनं आणि त्याच वेळी. पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या सोलापूरच्या चौघांच्या, धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा यांच्या स्मृतीचं नाव या गाडीला आहे. सोलापूरकर तिच्या बाबतीत हळवे आहेत, मीही आहे. तरी वेळापत्रकाचा प्रश्न नावानं सुटत नाही.

एका जलद गाडीला किती लोकल लागतात

आता हिशेब. समजण्यासाठी सोपे आकडे धरतो.

दौंड ते पुणे ७५ किलोमीटर. न थांबणारी गाडी ताशी ७५ च्या सरासरीनं गेली तर ६० मिनिटं. प्रत्येक स्टेशनावर थांबणारी लोकल ताशी ४५ च्या सरासरीनं १०० मिनिटं घेते. दोन गाड्यांमध्ये किमान १० मिनिटांचं अंतर हवं असं धरू. फक्त लोकल सोडायच्या असतील, तर दर दहा मिनिटांनी एक सोडता येईल.

आता मध्ये एक जलद गाडी घाला. तिच्या पुढची लोकल तिच्या आधी पुण्यात पोचायला हवी, नाहीतर जलद गाडी लोकलच्या मागे रखडेल. लोकलला ४० मिनिटं जास्त लागतात, त्यात १० मिनिटांचं अंतर. म्हणजे ती लोकल जलद गाडीच्या ५० मिनिटं आधीच दौंडहून निघायला हवी. जलद गाडी गेल्यावर पुढची लोकल १० मिनिटांनी. दोन लोकलमध्ये एक तासाची फट पडली. एरवी त्या तासात पाच लोकल गेल्या असत्या. एका जलद गाडीनं पाच लोकलची वाट खाल्ली.

हे टाळायचं तर लोकल मध्ये लूपला घ्यायची आणि जलद गाडीला पुढे काढायचं. भाचा यवतला उभा होता तो याच कारणानं. यात कुणाची चूक नव्हती. कंट्रोलमध्ये बसलेल्या माणसापुढे दोनच पर्याय असतात, आणि त्यानं जास्त गाड्या चालवणारा पर्याय निवडला होता. फक्त त्या पर्यायाची किंमत यवतच्या लूपवर उभ्या असलेल्यांनी दिली.

पण या हिशेबात सुटकेची जागाही आहे. पहिल्या जलद गाडीच्या मागे दहा मिनिटांनी दुसरी जलद गाडी सोडली, तर फट एक तासावरून फक्त सत्तर मिनिटांवर जाते. दोन्ही मिळून सहा लोकलची वाट खातात. त्याच दोन गाड्या एकमेकींपासून दूर सोडल्या, तर प्रत्येकीची एक तासाची फट वेगळी आणि दहा लोकल जातात. जोडीनं सोडल्या तर चार लोकल वाचतात, आणि त्यासाठी एक वीटही रचावी लागत नाही.

आज सकाळी काय घडतं? वंदे भारत सव्वानऊच्या सुमारास पुण्यात येते, हुतात्मा साडेदहाच्या सुमारास. दोघींमध्ये तासाभराहून अधिक अंतर आहे, म्हणून फटीही दोन पडतात.

तीन तोडगे, त्यांतले दोन चुकीचे

पहिला तोडगा म्हणजे सोलापूरच्या गाड्या हडपसरला संपवणं. हडपसरला पर्यायी टर्मिनल म्हणून उभं करण्याचं काम चालू आहे आणि त्याची गरज खरी आहे. पुणे स्टेशनात सहाच प्लॅटफॉर्म आहेत. लोणावळ्याच्या लोकल, मुंबईच्या गाड्या, दक्षिणेकडून-उत्तरेकडून येणाऱ्या लांबच्या गाड्या, सगळ्यांना तिथंच उभं राहायचं असतं. जी गाडी पुण्यातून नव्यानं सुटते आणि तासभर प्लॅटफॉर्म अडवून बसते, ती हडपसरला गेली तर बरंच.

पण टंचाई नेमकी कशाची आहे हे आधी बघावं लागतं. प्लॅटफॉर्मची की वाटेची? हुतात्मा हडपसरला संपवली तर पुण्यात एक प्लॅटफॉर्म मोकळा होईल. दौंड ते हडपसर या पट्ट्यात मात्र काहीच बदलणार नाही. यवतला लूपवर लोकल उभी राहीलच, केडगावचा माणूस तसाच थांबेल. आणि सोलापूरचा माणूस हडपसरच्या कोंडीत रिक्षा शोधत फिरेल. हा तोडगा दोघांचंही नुकसान करतो, म्हणून मला तो मान्य नाही. दौंडच्या लोकांनी तर त्याला मुळीच पाठिंबा देऊ नये, कारण त्यांना त्यातून एकही लोकल मिळत नाही.

दुसरा तोडगा मधूनमधून कानावर येतो: हुतात्माला उरुळी, केडगाव, यवत असे थांबे द्या, म्हणजे ती लोकलच्या चालीनं चालेल आणि फटही कमी होईल. गणितात हे बरोबर आहे. एका थांब्याला ब्रेक, उभं राहणं आणि पुन्हा वेग घेणं धरून चार-पाच मिनिटं जातात. पाच थांबे म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. पण सोलापूरहून बसलेल्या माणसाला सव्वाचार-साडेचार तास लागायला लागले, की तो खासगी बसकडे वळतो. त्या आरामबस सोलापुरात चौकाचौकातून सुटतात. गाडी राहील, पण तिचा प्रवासी जाईल.

तिसरा तोडगा वेळ हलवण्याचा. हुतात्मा वंदे भारतच्या पाठोपाठ आणायची. आज हुतात्माला चार तास लागतात. तोच प्रवास वंदे भारत तीन तासांहून थोड्या अधिक वेळात करते. दुहेरी मार्ग झाल्यावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबणं संपलं आहे. चार तासांची चाल ही बऱ्याच अंशी जुन्या एकेरी मार्गाची सवय आहे, असं माझं मत आहे. ती तीन तास पंचवीस मिनिटांवर आणली, तर सहा-दहाला निघालेली हुतात्मा नऊ-पस्तीसला पुण्यात पोचेल, वंदे भारतच्या मागे पंधरा-वीस मिनिटांनी. दोघी एकाच फटीतून जातील. सोलापूरकराला सध्यापेक्षा वीस मिनिटं लवकर निघावं लागेल आणि तो पाऊण तासाहून अधिक आधी पोचेल. मोहोळ-अक्कलकोटकडून पहाटे येणाऱ्यांची थोडी ओढाताण होईल, हे मान्य. त्यांच्यासाठी पहाटेची एसटी आधी जुळवायला हवी. नाहीतर फायदा फक्त शहरातल्यांना मिळेल.

संध्याकाळी हे इतकं सोपं नाही. मुंबईहून आलेली वंदे भारत सातनंतर पुण्यात येते, हुतात्मा सहाला सुटते. हुतात्माला सव्वासातच्या मागे ढकललं तर ती सोलापूरला रात्री अकराच्या आसपास पोचेल. बाळीवेशीत किंवा अशोक चौकात राहणाऱ्याला चालेल, पण पुढे गावाला जाणाऱ्याला शेवटची गाडी मिळणार नाही. संध्याकाळचं हुतात्माचं सहाचं सुटणं मी तसंच ठेवेन, आणि त्या एका फटीची भरपाई म्हणून तिच्या पुढे आणि मागे जास्त डब्यांची लोकल मागेन. सगळीकडे बरोबरी साधता येत नाही. सकाळी सोलापूरनं हलावं, संध्याकाळी दौंडनं थोडं सोसावं, एवढी देवाणघेवाण मला रास्त वाटते.

इंद्रायणीची गोष्ट

या मार्गावर एक नमुना आधीपासून चालू आहे, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. मुंबई-पुणे इंद्रायणी एक्स्प्रेस सकाळी पुण्यात येते. पूर्वी ती संध्याकाळपर्यंत तिथंच उभी असायची. नंतर तोच रेक, म्हणजे तेच डबे, दिवसा सोलापूरला धाडायला सुरुवात झाली. साडेनऊच्या सुमारास पुणे सोडते, दुपारी दीड-दोनच्या आसपास सोलापूर, लगेच परत, सहाच्या सुमारास पुणे, आणि पुढे मुंबई. एक रेक, दोन प्रकारची सेवा. मुंबई-पुण्याच्या रोजच्या प्रवाशालाही ती मिळते, सोलापूरलाही.

आणि तिची दिशा बघा. सकाळी ती पुण्याहून बाहेर जाते, संध्याकाळी पुण्यात येते. दौंडचा पासधारक याच्या बरोबर उलट जातो. दुहेरी मार्गावर जाण्याचा आणि येण्याचा रूळ वेगळा, त्यामुळे इंद्रायणी कुणाच्याच वाटेत येत नाही. वेळ आणि दिशा विचारपूर्वक निवडली, तर थेट गाडी लोकलच्या गर्दीतही बसते, हे तिनं दाखवलं आहे. एक दुबळी बाजू आहे. सोलापूरला उशीर झाला की तोच उशीर संध्याकाळी पुण्याच्या आणि मुंबईच्या प्रवाशाच्या माथी येतो. जोडलेल्या सेवेत मध्ये श्वास घ्यायला वेळ ठेवावाच लागतो, आणि तो वेळ फुकट गेला असं कुणी म्हणू नये.

रूळ वाढवल्याशिवाय

वेळेची हलवाहलव ही आजची सोय आहे. तिनं तीन-चार लोकलची जागा मिळेल, दर दहा मिनिटांची लोकल मिळणार नाही. त्यासाठी दौंड-पुणे दरम्यान तिसरा आणि चौथा मार्ग हवा, जवळजवळ सिग्नल हवेत, आणि पुणे यार्डाची फेरमांडणी हवी. पुणे-लोणावळा तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला राज्य मंत्रिमंडळानं २०२५ मध्ये मान्यता दिली. चांगलं झालं. पण वाढ पूर्वेकडेही तितकीच झाली आहे. लोणावळ्याच्या बाजूला चार रूळ आणि उरुळीच्या बाजूला दोन, हे फार काळ चालणार नाही.

इथं एक प्रशासकीय गोष्टही आहे. दौंड जंक्शन पूर्वी सोलापूर विभागात होतं, २०२४ मध्ये ते पुणे विभागात गेलं. आता पुणे आणि दौंड एकाच विभागाच्या हातात आहेत. लोकलसाठी ही सोय आहे, आणि सोलापूरसाठी काळजीही. आपल्या गाड्यांचा शेवटचा दीड तास आपल्या विभागाबाहेर ठरतो. म्हणून सोलापूरचे लोकप्रतिनिधी जेव्हा वेळापत्रकाच्या बैठकीला जातात, तेव्हा "नवी गाडी द्या" या एका वाक्यापुढे त्यांनी जावं असं मला मनापासून वाटतं. दौंड-पुण्याच्या रुळाची मागणी त्यांनी आपलीच म्हणून मांडायला हवी. तो रूळ झाला, तर सोलापूरची गाडीही वेळेत पोचेल.

दिवाळीत भाचा सोलापूरला आला होता. जेवण झाल्यावर आम्ही दोघांनी बसून अर्ज लिहिला. एकाच कागदावर दोन मागण्या: सकाळची हुतात्मा वंदे भारतच्या पाठोपाठ आणा, आणि त्यातून सुटलेल्या वेळेत दौंडहून दोन लोकल द्या. हडपसरला गाडी संपवू नका, हे तिसरं वाक्य त्यानंच सुचवलं. मी सुरुवातीला "सोलापूर व परिसरातील प्रवासी" असं लिहिलं होतं. त्यानं पेन घेतलं, "सोलापूर"च्या पुढे स्वल्पविराम दिला आणि "केडगाव, यवत, उरुळी" अशी तीन नावं लिहिली. मग म्हणाला, "मामा, आता खाली आधी तुमची सही करा."